हाताला ठाऊक घर

पुणे, २५ नोव्हेंबर २०२४

माय,

तू फोन उचलत नाहीस. उचललास तरी "हो, नाही, जेवली" एवढं बोलून ठेवून देतेस. इंद्रादादाला विचारलं तर तो म्हणाला, तुम्हा मायलेकींचं तुम्ही पाहा. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. पत्र तरी तू मधेच बंद करणार नाहीस.

दिवाळीला मी आले तेव्हा पहिल्याच सकाळी तुझ्या नडग्यांवर निळे डाग दिसले. कोपरावरही होते. विचारलं तर "लागते कुठं कुठं" म्हणालीस. आणि का नाही लागणार? आमगावच्या आपल्या घरात पाय ठेवायला जागा होती कुठं? बाबा जाऊन वर्ष झालं, दुकान तर त्याच्याही आधी बंद झालं, पण दुकानातलं बारदान सगळं घरात. मधल्या खोलीत पोत्यांचे गठ्ठे कमरेइतके रचलेले, दारापासून पार स्वयंपाकघरापर्यंत. त्यांना लागून बाज, बाजेला लागून रिकामी कोठी. तराजू, सुतळीचे बिंडे, आणि या सगळ्यात उंदीर. एवढ्या मोठ्या खोलीत माणसानं त्या गठ्ठ्यांना घासत घासत चालायचं! मला भीती वाटली की एक दिवस तू अडखळून पडशील आणि शेजाऱ्यांना कळणारही नाही.

तू मंडईच्या जत्रेसाठी चोरखमाऱ्याला केशोमामाकडे गेलीस, तेव्हा मी ठरवलं की माय परत येईपर्यंत घर मोकळं करून ठेवायचं. गेल्या वर्षी पुण्याच्या दोन खोल्यांतलं निम्मं सामान मी काढून टाकलं. त्यानंतर घरी आल्यावर दमल्यासारखं वाटेनासं झालं. तुलाही तसंच वाटावं एवढीच इच्छा होती. कबाड्यानं बारदान नेलं, मंगरूनं भिंती रंगवल्या, जुने डबे काढून मी एकसारख्या काचेच्या बरण्या आणल्या, प्रत्येकीवर नाव लिहून चिकटवलं. बसायला खुर्च्या आणि मधोमध छोटा टीपॉय. खोलीत पहिल्यांदा उजेड आला.

तू आलीस, दारात थांबलीस. हात बाजूला लांब केलास आणि बराच वेळ तशीच उभी राहिलीस. मग "बरं केलं" म्हणालीस. मला वाटलं, तू खूश झालीस. माझं काय चुकलं ते सांग ना.

तुझी
दुर्गेश्वरी


आमगाव, ६ डिसेंबर २०२४

दुर्गा बाई,

पत्र पोहचलं. फोनवर मी बोलत नाही कारण मले राग आवरत नाही, आन् मग तू रडते. कागदावर बरं आहे.

घर चांगलं दिसते. जो येते तो म्हणते, पोरीनं घर चमकवलं. पण मले इचारलं काऊन नाही? मी मंडई पाहाले गेली आन् तेवढ्यात माझं घर दुसऱ्याचं होऊन गेलं. तुझ्या पुण्याच्या घरात मी अशी येऊन तुझ्या वस्तू कबाड्याले देऊन टाकल्या असत्या, तर तुले कसं वाटलं असतं?

मागच्या सोमवारी तुझा मामा आला. मी चहा दिला. केशोरावनं एक घोट घेतला आन् कप खाली ठेवला. मले म्हणे, "बाई, चहात मीठ कायले टाकलं?" मी हसून सोडून दिलं, पण तो गेल्यावर मले रडू आलं. साखर पहिले पितळी डब्यात राहे. मीठ चिनी मातीच्या बरणीत. चहापत्तीच्या डब्याले एका बाजूनं पोचा होता. हात गेला की समजे. आता सगळ्या बरण्या एकासारख्या. तू नावं लिहून चिकटवली, आन् मले वाचता येते, सातवी शिकली आहे मी. पण कामाच्या घाईत बाईमाणूस वाचत बसते काय?

मधल्या खोलीत मले आता उभं राहू वाटत नाही. तुले तिथं उजेड दिसते. मले चौकात आणून सोडल्यासारखं वाटते. कुठून कुठं जावं समजत नाही.

तो टीपॉय घेऊन जाय. मले नाही पायजे.

जावईबापूले सर्दी होती, आता कशी आहे?

तुझी माय


पुणे, १६ डिसेंबर २०२४

माय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुला विचारायला हवं होतं, हे खरं आहे. मी तुला सुखद धक्का द्यायला गेले आणि तुला दुखावलं. पण माय, मला वाटतं, तुझं दुःख बारदानाचं नाही. ते बाबांचं आहे. त्यांनी हातानं रचलेले गठ्ठे गेले म्हणजे बाबा पुन्हा एकदा गेले, असं तुला वाटत असणार. रिकाम्या खोलीत तुला त्यांची आठवण जास्त येत असेल. मलाही घरी जेवताना त्यांचा खोकला ऐकू येतो.

त्यांच्या खास वस्तू मी टाकलेल्या नाहीत. त्यांचं घड्याळ, चष्मा, स्वेटर अलमारीत वरच्या कप्प्यात आहे. त्या जवळ ठेव. बाकीच्या सामानात ते नव्हते गं.

थोडे दिवस जाऊ दे. मोकळ्या घराची सवय व्हायला वेळ लागतो, मलाही लागला होता. हात आपोआप नव्या जागा शिकतो.

आणि एक सांगते, रागावू नकोस. दादा म्हणतो, मायनं आता आमगाव सोडून फुलचूरला आमच्याकडे राहावं. टीनावहिनीही मनापासून म्हणते. तुझ्या पत्रातलं ते "चौकात सोडल्यासारखं" वाचून मलाही वाटायला लागलंय की तू एकटी राहू नयेस. विचार कर.

जावयांची सर्दी बरी आहे. तुला नमस्कार सांगितलाय.

दुर्गेश्वरी


फुलचूर, १० जानेवारी २०२५

दुर्गा,

इंद्रानं तुले फोन केलाच असेल. डाव्या मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर घातलं. उजवा हात बरा आहे म्हणून लिहून राहिली. तू सुट्टी काढून धावत येऊ नको. टीना माझं सगळं करून राहिली, वेणीसुद्धा घालून देते.

इंद्रा सगळ्याईले सांगते की मायले चक्कर आली. मी त्याले तसंच सांगितलं. तुले मात्र खरं सांगते, कारण तू मागच्या पत्रात लिहिलं की दुःख बाबाचं आहे. ते वाचून मी दिवसभर बसून राहिली. पोरगी चांगल्या मनानं काहीबाही समजून राहिली, आन् तिले समजण्याजोगं मी काही सांगितलंच नाही.

मले चक्कर आली नाही. मले टीपॉय दिसला नाही.

तीन वर्षं झाली. तुझे बाबा होते तेव्हाची गोष्ट. शिबिरात डोळे तपासले, तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. "बाई, समोरचं दिसेल, बाजूचं दिसणार नाही. जेवढं गेलं तेवढं परत येत नाही. उरलं ते सांभाळायचं, रोज थेंब टाकायचे." म्हणून तर मी पत्र वाचते, तांदूळ निवडते, आन् पायाजवळचा पाट मले दिसत नाही. समोरून आला तो माणूस दिसते, बाजूनं आला तो एकदम अंगावर आल्यासारखा वाटते. तू जे निळे डाग पाहिले ते याचेच. ते बारदान होतं तेव्हाही लागे, पण आंगणात, दुसऱ्याच्या घरी, रस्त्यावर. आपल्या घराच्या अंदर नाही.

तिथून आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी तुझ्या बाबानं दुकानातून बारदान आणलं आन् मधल्या खोलीत रचाले लागले. मी चिडली. म्हटलं, "घराले गोदाम करून राहिले काय?" ते म्हणे, "थांब ना." दारापासून चुलीपर्यंत ओळ केली. मधात खंड पडला तिथं बाज लावली, बाजेपुढं रिकामी कोठी. मग माझा हात धरून पहिल्या गठ्ठ्यावर ठेवला आन् म्हणाले, "आता चाल. समोर पाह्य, बाजूचं पाहू नको. बाजूचं हात पाहीन." मी चालली. कुठंच धडकली नाही.

डबे वेगवेगळे त्यायनंच लावले. साखरेचा कोणता, मिठाचा कोणता, मले डोळे मिटून ओळखाले लावत, आन् चुकली की हसत.

लोकं म्हणाले, चुन्नीलालनं दुकान बंद केलं पण माल सोडवत नाही. तूही म्हटलं होतं. ते ऐकून घेत. एक दिवस मी म्हटलं, पोरांना सांगून टाकू. तर म्हणे, "सांगशील तर इंद्रा तुले फुलचूरले घेऊन जाईन. मग मी चहा कोणाच्या हातचा पिऊ?" त्यायनं ते हसत म्हटलं. मीही हसली. आन् मग ते गेले, तर सांगायचं राहूनच गेलं. नंतर मले वाटलं, सांगितलं की घर सुटलं.

तू जे उचलून नेलं ना बाई, तो पसारा नव्हता. ते माझ्यासाठी लावलेलं घर होतं.

तुले दोष देत नाही. तुले माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. आता सांगितलं.

माय


पुणे, १८ जानेवारी २०२५

माय,

तुझं पत्र आलं, शेवटपर्यंत वाचलं. कबाड्याला गठ्ठे उचलून देताना मी म्हणाले होते, "लवकर न्या, माय यायच्या आत." ते शब्द कानातून जात नाहीत. त्यावर जास्त लिहीत नाही, कारण मग तूच मला समजावत बसशील.

मी इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांना तुझं सगळं सांगितलं. त्यांनी दोन कागदांच्या नळ्या करून माझ्या डोळ्यांवर धरल्या आणि म्हणाले, "आता उठून दारापर्यंत जा." समोरचा तक्ता स्पष्ट दिसत होता, त्यावरचं बारीक अक्षरही वाचता येत होतं. उठले आणि बाजूच्या खुर्चीला अशी धडकले की खुर्ची पडली. माय, तू तीन वर्षं अशी चालतेस. अशीच तू आम्हाला दिवाळीचं जेवण वाढलंस.

थेंब नियमित टाकतेस का? खरं सांग. आणि डॉक्टर म्हणाले की हा आजार घरात चालतो, मुलांनी आणि भावंडांनी तपासून घ्यावं. माझं तपासलं, आज तरी सगळं ठीक आहे, दरवर्षी दाखवायचं. दादाला तपासायला हवं. त्यासाठी त्याला हे सांगावंच लागेल. मी सांगणार नाही. तू सांग, पण लवकर.

मी फेब्रुवारीत सुट्टी घेतली आहे. बारदान कुठे मिळतं ते गोंदियात विचारून ठेवते. बाबांनी जसं लावलं होतं तसंच्या तसं लावू. या वेळी तू म्हणशील तीच वस्तू हलेल.

दुर्गेश्वरी


फुलचूर, २९ जानेवारी २०२५

दुर्गा बाई,

इंद्राले सांगितलं.

तो जेवून उठला होता. मी म्हटलं, बस, काही सांगायचं आहे. सगळं ऐकून तो टीनाकडे पाहे, माझ्याकडे पाहे. मग ओरडला, "मी इथं जवळ राहतो माय, दर आठ दिवसाले येतो, आन् मले माहीत नाही? बाबांनाही मी परका होतो का?" बाहेर गेला आन् गाडीवर नुसताच बसून राहिला. टीना मागं जाऊन राहिली होती, मी म्हटलं, राहू दे त्याले. अंदर आला तेव्हा म्हणे, "बास झालं. आमगावचं घर विकायचं. तू इथं राहायचं."

मी म्हटलं, घर मी आहे तोवर विकायचं नाही. मले होळीपर्यंत वेळ दे. तिथं मी नीट राहू शकते का पाह्य. नाही राहू शकली तर तू म्हणशील तसं. तो हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. तपासाले जाईन म्हणाला, कधी ते सांगितलं नाही.

आता तुझं. बारदान आणू नको. तुझे बाबा होते तेव्हा दर महिन्याले गठ्ठे उचलून झाडत, ऊन दाखवत. ते गेल्यावर कोण झाडणार? उंदीर झाले होते, हे तू खरं लिहिलं. एकदा हात ठेवला तर हाताखालून पळाला. मी भिऊन दोन दिवस मुरमुरे खाऊन राहिली, चुलीकडं जावंसं वाटेना. त्यायनं केलं ते त्यायच्या हातानं चालत होतं. आता माझ्या हातानं चालेल असं पायजे. कमी पायजे. पण माझं पायजे.

तू ये. मी खुर्चीवर बसून सांगीन, तू उचलजो.

थेंब टाकते. मधात विसरत होती, आता टीना रोज आवाज देते.

माय


आमगाव, २३ फेब्रुवारी २०२५

दादा,

फोनवर तू "पाहू" म्हणतोस आणि विषय बदलतोस. तुझा राग कळतो. मलाही मायचा राग आला होता, तिनं एवढं लपवलं म्हणून. पण इथं काय झालं ते तू पाहिलेलं नाहीस. होळीला यायच्या आधी हे वाच.

पहिल्या दिवशी मी माझी बॅग दाराशी ठेवली आणि पाणी प्यायला गेले. माय मागून आली ती बॅगेला अडखळली. पडली नाही, चौकट धरली. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "काऊन व, घर लावाले आली का मले पाडाले?" मग दोघी हसलो. पण तेव्हाच पहिला नियम ठरला, जमिनीवर काही ठेवायचं नाही. चप्पलसुद्धा नाही.

मग ती खुर्चीवर बसली आणि मी घरातली एकेक वस्तू तिच्या मांडीवर आणून देत गेले. मला वाटलं होतं, एकही सोडणार नाही. तू पाहायला हवं होतंस. बाबांचा तराजू मी मागे ठेवला होता, म्हटलं हा तरी राहू दे. तिनं पारडी चाचपली, साखळी ओढून पाहिली. "यादोरावले दे, तो हाटात भाजी विकते. मले तो फक्त पायाले लागते." भाताचे मोठे गंज, लग्नाकार्याचे परातीएवढे कोपर, रिकामी कोठी, सगळं शेजारच्यांना आणि मामाकडे गेलं. तिच्यापुरती भांडी राहिली. पण चहापत्तीचा तो पोचा पडलेला डबा मी कबाड्याला दिला होता, त्यावर ती अडून बसली. तसा डबा कुठे मिळणार? शेवटी एक नवा टिनाचा डबा आणला, तिनं तो उंबरठ्यावर ठेवला आणि खलबत्त्यातला बत्ता घेऊन स्वतः त्याला पोचा पाडला. हात फिरवून म्हणाली, "आता झाला आपला."

मी पुण्याहून शिकून आले होते की भिंतीला दोर बांधावा, तो धरून चालता येतं. तर म्हणाली, "मी बांधलेली गाय आहे का?" मग तिनंच सांगितलं तसं केलं. खोलीच्या मधून जायचं नाही, भिंतीनं जायचं. दाराजवळ लाकडी पेटी, पेटीला लागून बाबांची बाज, बाजेला लागून अलमारी, आणि अलमारीपासून हात लांब केला की स्वयंपाकघराची चौकट. बाकीची खोली पूर्ण रिकामी. मी आधी केली होती तेव्हाही ती मोकळीच होती, पण तेव्हा तिला त्यात वाट नव्हती. पायरीच्या कडेला मंगरूनं गेरूची जाड पट्टी ओढली, कारण पांढऱ्या पायरीवर तिला कड दिसत नाही.

परवा मी मुद्दाम काही न बोलता ओसरीत बसले आणि ती काय करते ते पाहिलं. तिनं स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला, मला कप आणून दिला. येताना तिचा हात अलमारीवरून बाजेवर, बाजेवरून पेटीवर जात होता. बाजेपाशी आली तेव्हा ती थोडी थांबली. बाबा त्या टोकाला डोकं करून झोपायचे. मग पुढे आली.

मी घराबद्दल तुझ्याशी वाद घालत नाही. तू येऊन पाहा. आणि दादा, डोळे तपास. मायसाठी नको, तुझ्या पोरासाठी, हिमांशूसाठी तपास. तो अजून शाळेत आहे.

दुर्गा


आमगाव, १५ जून २०२५

दुर्गा बाई,

बरेच दिवसांनी लिहून राहिली. आता अक्षर मोठं येते आन् ओळ उतरते, म्हणून पुठ्ठ्याची पट्टी ठेवून लिहिते. जमलं तर वाच, नाही तर जावईबापूले दाखव.

होळीले इंद्रा आला ते मी तुले फोनवर सांगितलं होतं, पण नीट नाही सांगितलं. तो सांगून आला नाही. मुद्दामच. मी भात वाढला, आळूची भाजी वाढली. तो नुसता माझ्या हाताकडे पाहून राहिला होता, मले समजत होतं. जेवून म्हणे, "बरं आहे माय. राहा." बस एवढंच. जाताना स्वतःची खुर्ची उचलून जागेवर ठेवून गेला.

मग मे महिन्यात तो तपासाले गेला. मी हे फोनवर सांगू शकली नाही, आन् त्यालेही म्हटलं, दुर्गाले मी लिहिते. त्याच्या डोळ्यातलं प्रेशर वाढलेलं निघालं. सुरुवात आहे. डॉक्टर म्हणाले, बाजूचं अजून काही गेलं नाही, वेळेवर आले, थेंब टाकले तर सांभाळता येईल. टीना रडली. इंद्रा नाही रडला. संध्याकाळी तो आमगावले आला आन् बाजेवर माझ्याजवळ बसला. मी म्हटलं, "बाप्पा, मी तीन वर्षं लपवलं, त्यात तुझी तीन वर्षं गेली." तो म्हणाला, "सांगितलं ना आता. चौथं नाही गेलं."

त्यानं असं म्हटलं. पण मले माहीत आहे कोणती गोष्ट मी घर वाचवाले दाबून ठेवली होती, आन् ती कोणावर जाऊन पडली असती. हे ओझं माझं आहे, ते मी कोणाले देत नाही.

माझंही तपासलं. अजून थोडं कमी झालं. आता नळीतून पाहिल्यासारखं दिसते, तू पुण्याले कागदातून पाहिलं तसं. डॉक्टरले मी सरळ इचारलं, किती दिवस? ते म्हणाले, असं सांगता येत नाही, पण तयारी ठेवा.

म्हणून मी ठरवलं. मले कोणी सांगितलं नाही, मीच ठरवलं. सध्या मी इथंच राहीन. पण समोरचं जायच्या आधी फुलचूरची एक खोली मले शिकून ठेवायची आहे. सगळं अंधार झाल्यावर नव्या घरात नेलं तर माणूस त्या घरात कधीच राहत नाही, नुसता पडून असते. दिसते तोवर हाताले शिकवलं पायजे. इंद्राले सांगितलं. तर म्हणे, "शिक माय. मग मलेही शिकवजो."

आता दर शनिवारी मी तिथं जाते. इंद्रा घ्याले येते. त्यायनं मागची खोली दिली आहे, आंगणाकडची. टीनानं त्यातून दिवाण, टीव्हीचं टेबल, हिमांशूची सायकल सगळं काढलं. मी म्हटलं, एवढं कायले काढलं, पोराले सायकल कुठं ठेवू? तर हिमांशू म्हणे, "आजी, सायकल बाहेर राहीन." खोलीत एक खाट आहे, एक पेटी. अजून काय काय लागेल ते मी रिकाम्या खोलीत चालून चालून पाहून राहिली. घाई करत नाही.

मागच्या शनिवारी थेंबाच्या थैलीसाठी खिळा ठोकायचा होता. टीना हातोडी घेऊन उभी होती. म्हणे, "आई, सांगा, कुठं ठोकू?" मी खाटेवर बसली, डोळे मिटले, आन् सकाळी उठल्यावर जाते तसा हात भिंतीकडं जाऊ दिला. जिथं तो टेकला तिथं बोट ठेवलं.

म्हटलं, "इथं."

माय